भयाचा वाटा

२०२० सालच्या उन्हाळ्यात राज्याच्या आरोग्यखात्याकडून रोज संध्याकाळी जे प्रसिद्धिपत्रक निघत असे, त्यात त्या दिवशी कोरोनाने दगावलेल्यांची संख्या, त्यांचे जिल्हे आणि वयोगट यांचा तपशील देऊन झाला की, मृतांपैकी कितीजणांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग यांसारखे अतिजोखमीचे आजार होते तेही नमूद केलेले असे. वैद्यकीय दप्तराच्या दृष्टीने हा तपशील आवश्यकच होता, आणि तो लिहिणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मुळीच कारण नाही. परंतु घरोघर तो पोहोचला तो एकाच अर्थाने पोहोचला नाही. ज्याचे शरीर धडधाकट होते त्याने ते वाक्य वाचून सुटकेचा निःश्वास टाकला. मरणारा बहुतेक आधीपासूनच आजारी होता, तेव्हा आपली पाळी इतक्यात नाही, असा दिलासा त्याला त्यातून मिळाला. ज्याच्या घरी फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या कुप्या होत्या, ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जावे लागत होते, ज्याच्या अंगात दुसऱ्याने दिलेले मूत्रपिंड नांदत होते, त्याने तेच वाक्य वाचले आणि त्याच्या पोटात गोळा उठला. एकाच्या दिलाशाची किंमत दुसऱ्याच्या भीतीतून वसूल होत होती, आणि हा व्यवहार इतका नकळत चालला होता की त्याचा हिशेब कोणी कोणाकडे मागितला नाही.

तो हिशेब मांडावा, एवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहे. साथीच्या रोगाची चिंता आणि तीतून निभावून जाण्याचे उपाय यांविषयी जे बोलले जाते ते बहुधा एकेकट्या माणसाच्या मनाला उद्देशून बोलले जाते: मन खंबीर ठेवा, वाईट विचार मनात आणू नका, प्राणायाम करा, चांगले काहीतरी वाचा. हा उपदेश निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. श्वास संथ केल्याने झोप लागते, हे अनुभवाने खरे आहे. पण त्या उपदेशामागे असे एक गृहीत दडलेले असते, की चिंता हा चिंता करणाऱ्याच्याच मनाचा दोष आहे आणि तो त्याने स्वतःच दुरुस्त करावयाचा आहे. मला हे गृहीत मान्य नाही. दुर्बळ प्रकृतीच्या माणसाला साथीच्या काळात वाटणारी चिंता हे बहुतांशी यथार्थ ज्ञान असते. तिचा एक भाग त्याने स्वतः योग्य तो बंदोबस्त करून निकालात काढावयाचा असतो, आणि दुसरा, कितीतरी मोठा भाग धडधाकटांनी उचलावयाचा असून त्यांनी तो न उचलल्यामुळे त्याच्या माथी आलेला असतो.

यथार्थ ज्ञान म्हणण्याचे कारण उघड आहे. ज्याला मूत्रपिंडाचे वा यकृताचे रोपण झालेले आहे त्याला टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट यांसारखी औषधे कायम घ्यावी लागतात, कारण परके इंद्रिय शरीराने झिडकारू नये म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना जाणूनबुजून सुस्त ठेवणे भाग असते. आणि सुस्तावलेले पहारेकरी विषाणूलाही पुरत्या तत्परतेने अडवीत नाहीत. २०२१ साली लसीकरण सुरू झाल्यावर ठिकठिकाणच्या रुग्णालयांतून असे दिसून आले की, रोपण झालेल्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात दोन मात्रांनंतरही प्रतिपिंडे नाममात्र होती, कित्येकांच्या रक्तात ती मुळीच नव्हती. मधुमेह आटोक्याबाहेर गेलेल्या आणि उपचारात स्टेरॉइड घ्यावे लागलेल्या माणसांची त्याच वर्षी म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात काय दैना केली, किती जणांचा डोळा किंवा वरचा जबडा काढून टाकावा लागला, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे ते विसरू शकणार नाहीत. अशा माणसाला 'तू उगाच घाबरतोस' असे जो सांगतो, तो, आपण त्याला धीर देत आहोत असे वाटत असले तरी, वस्तुतः त्याच्या समजुतीवरच अविश्वास दाखवीत असतो. आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही ही जाणीव मूळच्या भीतीहून अधिक एकाकी करणारी असते.

मला स्वतःला संधिवात आहे. आपल्याच सांध्यांवर शरीराने चालविलेला हल्ला थोपवून धरण्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याचा माझा परिपाठ कित्येक वर्षांचा आहे. २०२० च्या मार्चअखेरीस, टाळेबंदी पुकारली गेली त्याच आठवड्यात, यांपैकी दुसऱ्या गोळीचे नाव एकाएकी सर्वतोमुखी झाले. कोरोनाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांनी आणि बाधितांच्या घरच्या माणसांनी ती प्रतिबंधक म्हणून घ्यावी, अशी शिफारस भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या कार्यदलाने केली होती. शिफारस मर्यादित होती, पण मर्यादा वाचून पाहण्याइतकी उसंत त्या दिवसांत कोणालाच नव्हती. थोड्याच दिवसांत केंद्र सरकारने चिठ्ठीवाचून तिच्या विक्रीस सक्त मनाई केली आणि निर्यातीवरही निर्बंध घातला. परंतु तोवर पुण्याच्या पेठांतील औषधांच्या दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. सदाशिव पेठेतला माझा नेहमीचा दुकानदार माझी चिठ्ठी हातात धरून तिच्यावरची तारीख आणि डॉक्टरांची सही नीट निरखत होता, जे त्याने पूर्वी कधीच केले नव्हते. ज्यांनी गेल्या काही दिवसांत पट्ट्याच्या पट्ट्या नेल्या त्यांच्यापैकी एकालाही संधिवात नव्हता, असे तो खालच्या आवाजात म्हणाला, आणि मग मागच्या खणातून एक अर्धवट कापलेली पट्टी काढून तिच्यातल्या गोळ्या बोटाने मोजून त्याने कागदी पाकिटात घातल्या. "काकू, आत्ता एवढ्याच आहेत. डॉक्टरांना फोन करून विचारा, दिवसाआड चालतील का ते."

पुढे जूनमध्ये इंग्लंडातील 'रिकव्हरी' चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला, आणि रुग्णालयात दाखल झालेल्या कोरोनाच्या रुग्णांना या औषधाचा कोणताही लाभ होत नाही, हे स्पष्ट झाले. मुद्दा त्या एका औषधाचा नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिरच्या कुप्यांचे आणि ऑक्सिजनच्या नळकांड्यांचे जे झाले त्याची जातकुळी तीच होती. भय सर्वांनाच वाटते. पण ज्याच्या पायांत दुकानापर्यंत धावत जाण्याची ताकद आहे, ज्याच्या खिशात आगाऊ खरेदीपुरता पैसा आहे, त्याचे भय साठा करून मोकळे होते, आणि त्या साठ्याची तूट ज्याला पडते तो नेमका असा माणूस असतो, ज्याला रांगेत उभे राहणेही धोक्याचे असते. चिंता आवरण्याचा उपदेश करावयाचाच असेल तर तो आधी धावणाऱ्याला करावा, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे.

असे असले तरी दुर्बळाने हातावर हात ठेवून बसावे असे मी सुचवीत नाही. त्याच्या वाट्याचे जे काम आहे ते त्याने कसून केले पाहिजे, आणि ते काम म्हणजे भयाला तजविजीत उतरविणे. माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर माझ्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा आहेत. कोणते औषध मला सोसत नाही ते लाल शाईने लिहिलेले आहे. ताप आल्यास मेथोट्रेक्सेटची त्या आठवड्याची मात्रा डॉक्टरांना विचारल्यावाचून घ्यावयाची नाही, हे आहे. ऑक्सिमीटरवरचा आकडा ९४ च्या खाली उतरला, अथवा घरातल्या घरात सहा मिनिटे चालून तो तीनाहून अधिक घसरला, तर सकाळची वाट पाहत बसावयाचे नाही, हे आहे. कोणत्या रुग्णालयात जावयाचे, कोणाची गाडी, विम्याचे कागद कोणत्या खणात, आणि माझ्या मागे सासूबाईंजवळ रात्री कोण निजेल, हेही आहे. या शेवटच्या ओळीने मला जितके स्वस्थ केले तितके कोणत्याही स्तोत्राने केले नाही, हे मी श्रद्धेचा यत्किंचितही अनादर न करता लिहीत आहे. त्या दिवसांत रात्री मन तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा सुनावणीस काढी. ज्यांचा निकाल दिवसाउजेडी, लेखी आणि घरच्यांच्या संमतीने लागलेला होता, ते प्रश्न तरी त्या सुनावणीतून बाद झाले.

दरवर्षीची इन्फ्लुएन्झाची लस, न्यूमोकोकसची लस, दवाखान्यात, लिफ्टमध्ये आणि बंद खिडक्यांच्या गाडीत नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा, घरात समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळता ठेवणे, हे सारे याच बंदोबस्तात मोडते आणि त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. लिहिण्याजोगे आहे ते हे, की तजविजीवाचून मोकाट राहिलेली चिंता माणसाला अनेकदा नेमक्या उलट दिशेने नेते. २०२० मध्ये विषाणूच्या भयाने कित्येकांनी संधिवाताची व रोपणाची औषधे आपण होऊन बंद केली, कित्येकांनी केमोथेरपीची पाळी पुढे ढकलली, छातीत कळ आली तरी रुग्णालयात जाण्याचे टाळले. संधिवाततज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ सांगत होते की विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका, पण तो सल्ला दूरदर्शनवरच्या आकड्यांच्या गदारोळात बुडून गेला. आकड्यांना मुदत घालून दिली पाहिजे. दिवसातून एकदा, एका विश्वसनीय ठिकाणी, तेही झोपण्यापूर्वी नव्हे, इतकी बातमी प्रकृती सांभाळणाऱ्यास पुरेशी असते. कारण त्याला जे करावयाचे आहे ते दर तासाला बदलत नाही.

एवढा बंदोबस्त झाल्यावरही काही शिल्लक उरते, हे मान्य केले पाहिजे. मरणाचे भय कागदावर उतरत नाही, आणि आपल्यामुळे घरच्या तरण्याताठ्या माणसांचे आयुष्य आखडले आहे ही बोचही उतरत नाही. त्याला उपाय असेल तर तो इतकाच, की ज्याला हे बोलून दाखविता येईल, आणि जो ते ऐकताना समजूत घालण्याची घाई करणार नाही, असे एखादे माणूस जवळ असावे. आपल्याकडे आजाऱ्याच्या तोंडून मरणाचा उल्लेख निघाला की 'असं अभद्र बोलू नये' म्हणून त्याला थांबविण्याची रीत आहे. ती मायेपोटी पडलेली असली, तरी साथीच्या काळात तिच्यामुळे अनेकांना बोलणे मनात ठेवूनच जावे लागले.

चिंतेचा हा प्रश्न एकट्याचा नाही, हे आपल्या इतिहासाइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले, आणि काही महिन्यांतच तो पुण्यात येऊन ठेपला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला, आणि पुण्यात त्याचा अंमल गोऱ्या सोजिरांच्या हातून झाला. घरे झडतीस काढण्यात आली, देवघरापर्यंत बूट गेले, संशयितांना आप्तांपासून तोडून छावण्यांत नेण्यात आले. रोगाला आवर घालण्यासाठी विलगीकरण हवे, हे शास्त्रदृष्ट्या चुकीचे नव्हते. पण लोकांच्या भीतीला त्या कारभारात जागाच ठेवलेली नव्हती. परिणाम असा झाला की लोक रोग्याला लपवू लागले, आणि लपविलेला रोगी घरातल्या लेकराबाळांना व म्हाताऱ्यांना रोग देऊ लागला. २२ जून १८९७ च्या रात्री या कारभाराचा प्रमुख असलेल्या रँडवर गोळी झाडली गेली, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या छायेत ही दुसरी, घराघरांतली कथा मात्र झाकली गेली आहे. भीतीची दखल न घेणारे शासन भीती नाहीशी करू शकत नाही, ते तिला फक्त दाराआड ढकलते.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, याच्या नेमके उलट असे काही घडत होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांनी गावाबाहेर मोकळ्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता, आणि वयाची पासष्टी उलटलेल्या सावित्रीबाई तेथे रोग्यांना आणून त्यांची शुश्रूषा करीत होत्या. तीतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या धैर्याचे स्तवन आपण दरवर्षी करतो आणि ते उचितच आहे. पण ते धैर्य हवेत तरंगणारे नव्हते, त्याच्या मागे मोकळी जागा, वैद्य आणि उपचार यांची सोय उभी होती, याकडे कोणी लक्ष वेधीत नाही. ज्या घरातल्या माणसाला छावणीत न्यावयास आले म्हणजे दारे लावून घेतली जात, त्याच्यासारख्याच घरातला रोगी या दवाखान्यात आणला जाई, याचे कारण त्याच्या भीतीचे ओझे घेण्यास कोणीतरी पुढे आले होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मूठभर दुर्बळांसाठी सगळ्या समाजाने आपले व्यवहार किती काळ आखडून घ्यावेत, असा तो आक्षेप आहे. यातील 'मूठभर' ही कल्पनाच आधी तपासून पाहावी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या इंडियाब पाहणीनुसार या देशातील मधुमेह्यांची संख्याच दहा कोटींहून अधिक आहे. त्यांत दम्याचे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे, कर्करोगाचे रुग्ण, गर्भवती आणि वृद्ध मिळविले तर ज्या घरात असे एकही माणूस नाही ते घर शोधावे लागेल. शिवाय दुर्बळ कोण, ही यादी कायमची ठरलेली नसते. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत उतरला आणि शरदात त्याची दुसरी, भयंकर लाट देशभर पसरली, तेव्हा त्याने विशेषकरून बळी घेतले ते विशीतिशीतल्या कमावत्या माणसांचे. ज्या वयाला आपण अभेद्य समजतो त्याच वयावर तो रोग तुटून पडला. एका विषाणूपुढे जो निर्धास्त आहे तो पुढल्या विषाणूपुढेही तसाच राहील, याची हमी कोणत्याही शास्त्राने दिलेली नाही.

आणि व्यवहार आखडून घेण्याविषयी म्हणावयाचे तर, हा समाज त्याला असमर्थ आहे असे मी मानीत नाही, कारण त्याने ते करून दाखविलेले मी पाहिले आहे. २०२० साली आषाढी एकादशी १ जुलैला होती. शतकांची वहिवाट असलेली पायी वारी त्या वर्षी निघाली नाही. ज्ञानोबांच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडीने, मोजक्या माणसांसह पंढरपुरास गेल्या. ज्या वारकऱ्याचे पाय ज्येष्ठ लागताच आपोआप आळंदीकडे वळतात, त्याने घरीच टाळ हाती घेऊन हरिपाठ म्हटला. वारकऱ्यांतले बहुसंख्य लोक चालण्याने कणखर झालेले होते. वारी झाली असती तर ते कदाचित सुखरूप परत आलेही असते. ते थांबल्यामुळे वाटेवरच्या गावांतली म्हातारीकोतारी माणसे वाचली. त्याच भाद्रपदात लालबागच्या मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता रक्तदानाचे शिबिर भरविले. धडधाकटांनी भयाचा आपला वाटा उचलणे म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने या दोन गोष्टी पाहाव्यात. कोणाला घाबरवून त्या झालेल्या नाहीत.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. ते योग्यच झाले. आणीबाणी कायमची असू शकत नाही. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली आहे त्याची सावधगिरी त्या तारखेला संपली नाही, आणि आता ती त्याला एकट्याने सांभाळावी लागते, कारण मुखपट्टा लावून आलेल्या माणसाकडे लोक नवलाने पाहू लागले आहेत. २०२१ च्या १ मार्चला लसीकरणाची यादी विस्तारली, तेव्हा व्याधिग्रस्तांना प्राधान्य मिळाले ते पंचेचाळीस वर्षे पुरी झाली असतील तरच. तिशीतल्या रोपणरुग्णाला मे महिन्याच्या आरंभापर्यंत थांबावे लागले, आणि मधल्या एप्रिलमध्ये दुसरी लाट उसळली. पुढल्या वेळी यादी करताना व्याधीला वयाची अट लावू नये, एवढे तरी आरोग्यखात्याने आताच लिहून ठेवावे. ज्या दवाखान्यात खोकणारा आणि केमोथेरपी घेणारा एकाच बाकावर तासभर बसतात, त्याच्या चालकांनी प्रतीक्षाकक्षाची खिडकी उघडी ठेवावी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ठरावीक वेळ द्यावी. यास खर्च येत नाही. ताप आलेल्या मोलकरणीचा आणि कारकुनाचा तीन दिवसांचा पगार कापला जाणार नाही, असे मालकाने आधीच सांगून ठेवावे, कारण ती तापात कामावर येतात ती हौसेने येत नाहीत.

आणि शाळांतून अजूनही वर्षभराच्या शंभर टक्के उपस्थितीबद्दल पारितोषिक दिले जाते. त्या पारितोषिकासाठी मूल अंगात कणकण असताना, नाक पुसत वर्गात येते, आणि त्याच्या बाकावरच्या दुसऱ्या मुलाच्या घरी आजोबा डायलिसिसवर असतात. आजारी असताना घरी राहिलेल्या मुलाची ती गैरहजेरी हजेरी धरली जावी, आणि हे पारितोषिक येत्या स्नेहसंमेलनापासून बंद करावे, असे पत्र मी माझ्या नातवाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहिले आहे. ज्या पालकांना ही मागणी रास्त वाटेल त्यांनी आपापल्या शाळेकडे तसे लेखी कळवावे.